अनशापोटीची गोळी

माझ्या बायकोला दूध आवडत नव्हतं, हे मला लग्नानंतर पंधरा वर्षांनी कळलं. तेही घरात नाही. नारायणगावच्या दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंसमोर, माझ्या आईच्या देखत. हसायचं असेल तर हसा, आम्हीही पुढे पुष्कळ हसलो. पण ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं.

ती आता नाही. मागच्या माघात गेली. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही, अक्षर वाकडं येतं. पण रिकाम्या घरात एकट्यानं बडबडत बसण्यापेक्षा हे बरं. बडबडीला उत्तर कोण देणार? ती असताना तरी "पुरे आता" म्हणायची.

आमची वस्ती नारायणगावहून जुन्नरला जाताना रस्त्यापासून आत. टोमॅटो, कांदा, पाणी असेल तेवढा ऊस. ती आहुप्याकडची, डिंभ्याच्या धरणाच्याही वरची. तिकडे भात आणि नाचणी, जनावरं हडकुळी, घोटभर दूध निघालं तर ते वासराला. चहा कोराच. आमच्याकडे उलटं. दावणीला जनावर नाही असं घर म्हणजे आईच्या लेखी घरच नाही. नवी नवरी आली तेव्हा आईनं पहिल्याच सकाळी पेला भरून दूध हातात दिलं. ती खाली मान घालून प्याली. आई मला म्हणाली, "कशी घटाघटा प्याली बघ. डोंगरात कुठं बघितलं आसंल दूध." हे असं सुरू झालं, आणि पंधरा वर्षं चाललं.

मूल नव्हतं. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा सुरुवातीच्या महिन्यांतच गेलं. दुसऱ्या खेपेनंतर ती जी मंदावली ती मंदावलीच. उन्हाळ्यात गोधडी घ्यायची. तोंड सुजल्यासारखं, आवाज घोगरा, फणीला केसांचे पुंजके. खुरपायला बसली की बाकीच्या बाया वाफा संपवून पुढे जायच्या, ही अर्ध्यातच. एकदा टोमॅटोची तोडणी चालली होती, टेम्पो येऊन उभा, आणि ही क्रेटच्या उतरंडीला टेकून झोपलेली. बाया हसत होत्या. एक म्हणाली, "उठवू नका गं, वहिनीला बी क्रेटात भरून मुंबयला लावा." ती दचकून उठली आणि तोडायला लागली. मला राग आला. बायांचाही आला आणि तिचाही आला. आई तर रोजच म्हणायची, "आळस अंगात मुरलाय. खाल्लेलं अंगावर चढतंय, कामावर न्हाई."

आजार असेल हे कोणाच्या मनात आलं नाही. आमच्याकडे आजार म्हणजे ताप, नाहीतर उलटी, नाहीतर रक्त. हळूहळू चालणारा माणूस आजारी असतो हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिनं मला ते रात्रभर मनात ठेवून सकाळी विहिरीवर सांगितलं. मी मोटर चालू करत होतो. ती म्हणाली, "आता ह्ये बी गेलं तर मला डोंगरात सोडून या. परत आनू नका." मी म्हणालो, "गप." पण त्याच दिवशी तिला घेऊन नारायणगावला गेलो. तिथे एक डॉक्टरीणबाई नव्यानं बसायला लागल्या होत्या.

बाईंनी पोट तपासायच्या आधी तिचा गळाच धरला. म्हणजे बोटांनी चाचपला. "गिळा बघू." ती गिळली. परत गिळायला लावलं. मग विचारलं, थंडी वाजते का, झोप येते का, केस गळतात का, विसरायला होतं का. ती प्रत्येकाला हो म्हणत गेली आणि माझ्याकडे बघत गेली. मला वाटलं, ही बाई आमच्या घरात येऊन राहिली होती की काय.

रक्त पुण्याला गेलं. कागद आला तेव्हा बाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉईड. शरीराचं सगळं काम कोणत्या वेगानं चालायचं ते ती ठरवते. हिची ग्रंथी कमी काम करते, म्हणून कागदावरचा आकडा जास्त आलाय.

मी म्हणालो, "म्हंजी व्होल्टेज कमी आल्यावानी. मोटर घुमती पर पानी वर येत न्हाई."

"अगदी तसंच, दादा."

"मग आकडा तर जास्त आलाय म्हनता?"

"हा आकडा मेंदूच्या हुकमाचा आहे. मजूर काम करत नसला की मुकादम जास्त ओरडतो ना? तसं. मुकादम ओरडायचा थांबला, म्हणजे आकडा उतरला, की समजायचं काम सुरू झालं."

इथपर्यंत मला कळलं आणि बरंही वाटलं. आळशी नाही, व्होल्टेज कमी आहे. घरी जाऊन आईला सांगता येईल. पण बाई पुढे बोलल्या. म्हणाल्या, आधीची दोन गेली ती बहुतेक ह्यामुळेच. आणि पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी सुरुवातीला तयार नसते, तोवर ते आईच्याच रसावर वाढतं. त्याच्या मेंदूची वाढ त्यावर असते. म्हणून गोळी एक दिवसही चुकवायची नाही. दर महिन्या-सव्वा महिन्यानं रक्त तपासायचं. सकाळी उठल्यावर, अनशापोटी, पाण्याबरोबर.

बायकोनं विचारलं, "गोळी घेतली म्हंजी बाळ ऱ्हाईल?"

"राहील असं आपण बघू."

"आन डोकं?"

बाई म्हणाल्या, "आकडा लवकर उतरला तर काळजी नाही."

लवकर उतरला तर. हे शब्द घेऊन आम्ही जीपमध्ये बसलो. त्या जीपमध्ये माणसं कोंबलेली, कोणी माझ्या मांडीवर कोथिंबिरीची जुडी ठेवलेली, आणि माझ्या डोक्यात एवढंच. बाळ राहील का, आणि राहिलं तर नीट असेल का.

गोळी ज्वारीच्या दाण्याएवढी. आई हातावर घेऊन बघत राहिली. म्हणाली, "येवढ्याशानं काय व्हनार? पोटुशी बाई हाय ती, अंगात जोर न्हाई. गाय आन." घरात तेव्हा एक म्हैस होती, तीही आटलेली. मी बेल्ह्याच्या बाजाराला गेलो.

बेल्ह्याला गेलेल्या माणसाला सांगायला नको. टेम्पो, मोटारसायकली, धूळ, आणि उपरण्याखाली हातात हात घालून बोटांनी चाललेले सौदे. एका व्यापाऱ्यापाशी नुकतीच व्यालेली गावठी गाय होती, तांबूस, खाली कालवड.

"पावणं, लांबून काय बघताय? गाय हाय, वाघ न्हाई."

"दात बघू द्या."

"बघा की. तुमच्यापरास जास्तच हायेत."

मी दात बघितले, सड बघितले. त्यानं विचारलं, "कुनासाठी?" मी बोलून गेलो, "घरात दिवस गेल्यात. लई वर्सांनी." त्याचा चेहराच बदलला. आमच्या हातांवर उपरणं टाकलं, बोटांनी भाव सांगितला आणि मी बोटं दाबायच्या आधीच तो स्वतःहून उतरवला. "न्या राव. मालकिनीला धारेचं दूध पाजा. तुमच्या घरी बी कालवडच यील बघा." मी टेम्पोत गाईजवळ उभा राहून आलो. वाटेत कालवड माझा सदरा चघळत होती. कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आपण काहीतरी केलं असं वाटलं.

गाय मात्र मोठी मानाची निघाली. मी बसलो की लाथ, बायको बसली की दूध चोरायची. फक्त आईच्या हाताला पान्हा सोडी. म्हणून उजाडायच्या सुमाराला धार काढणं आईकडे आलं आणि धारेबरोबर सुनेची गोळीही आईकडे आली. आई फेसाळ दुधाचा गिलास भरून चुलीपाशी यायची, गोळी सुनेच्या हातावर ठेवायची आणि समोर उभी राहायची. "घे. तोंड वाकडं करू नको. घे." गोळी जिभेवर, वर दूध, एका दमात. मग आई तिच्या पाठीवरून हात फिरवायची. ज्या आईनं तिला पंधरा वर्षं आळशी म्हटलं, त्या आईचा हात. मी दारातून बघायचो. मला ते बघायला आवडायचं.

पहिली तपासणी झाली. पुण्याहून आकडा यायला चार-पाच दिवस लागत. मी स्टँडवरच्या एसटीडी बूथवरून दवाखान्यात फोन लावायचो. बूथवाला म्हणायचा, "भाऊ, टोमॅटोचा भाव इचारताय का?" मी म्हणायचो, "त्येच." आकडा उतरला नव्हता. बाईंनी गोळी वाढवली. म्हणाल्या, पोट वाढेल तशी गोळीही वाढवावी लागते, घाबरू नका.

दुसरी तपासणी. जवळजवळ तसाच. परत गोळी वाढली.

मी बाजारात गेलो की माझी नजर भलतीकडे जायची. आळे फाट्याला एक म्हातारी होत चाललेली बाई आपल्या थोराड मुलाचा हात धरून चालवायची, मधूनच पदरानं त्याचं तोंड पुसायची. ती वर्षानुवर्षं तिथेच असायची. मला ती आधी कधी दिसली नव्हती. आता तीच दिसायची. ती त्याला एकेक भजं भरवायची आणि तो हसायचा. चांगला हसायचा. पण मी घरी येऊन जेवलो नाही. बायको म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "पित्त."

तिसऱ्या वेळी बाई चिडल्या. चिडणारच. म्हणाल्या, "ताई, एवढी गोळी देऊनही आकडा तिथेच? तुम्ही गोळ्या घेत नाही. खरं सांगा. पुष्कळ जणी गरोदरपणात गोळ्या नकोत म्हणून टाकून देतात."

ती म्हणाली, "घेती मी."

"मग कागद खोटं बोलतो का?"

जीपमधून उतरून आम्ही कालव्याच्या कडेनं घराकडे चालत होतो. मी पुढे, ती मागे. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी न वळता विचारलं, "रोज घेतीस ना?"

मागचा पायांचा आवाज थांबला. मी वळून बघितलं. ती उभी होती, एक हात पोटावर.

"कुनाच्या पोटात हाय त्ये?"

"मी नुसतं इचारलं."

"माझ्या पोटात हाय. तुमच्या न्हाई, त्या बाईच्या बी न्हाई. दोन गेलेली मी बघितल्यात. तुमाला नुसतं सांगितलं व्हतं. मी टाकीन व्हय गोळी?"

ती घरात शिरल्या शिरल्या रडली आणि आईला सगळं कळलं. आई भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच ठेवून उठली. "कोन म्हनलं टाकती म्हनून? माझ्या डोळ्यांदेखत घेती. मी काय आंधळी हाय? पुढच्या येळंला मी येते. त्या बाईला मीच सांगते."

पुढची वेळ कशाला, दुसऱ्याच दिवशी आई निघाली. ठेवणीतलं लुगडं नेसली, कुंकू ठसठशीत लावलं. आई स्वतःच्या दुखण्यासाठी कधी दवाखान्याची पायरी चढली नव्हती. सुनेसाठी चढली ती भांडायला. जीपमध्ये कोणीतरी विचारलं, "म्हातारे, लग्नाला का?" आई म्हणाली, "कोर्टात."

दवाखान्यात गर्दी होती. नंबर आल्यावर आई सगळ्यांत पुढे.

बाईंनी विचारलं, "ह्या कोण?"

"सासू," बायको हळूच म्हणाली.

"बसा आजी."

"बसायला न्हाई आले. माझी सून गोळी टाकती म्हनला तुमी? बाई, रोज सकाळी मी सोता माझ्या हातानं देते. तिनं तोंड धुतलं की लगेच. अन्नाचा कन पोटात नसतो. तुमी सांगितलं तसं. अनशापोटी, गिलासभर धारेच्या दुधासंगं. एक दिस चुकला न्हाई. गाईची शपत."

बाईंच्या हातातलं पेन थांबलं.

"दुधाबरोबर?"

"मग? घरची गाय हाय. मुद्दाम बेल्ह्यावरनं आनली."

"आजी, मी पाण्याबरोबर सांगितलं होतं."

"पान्यानं काय जोर यतो?"

"पण अनशापोटी म्हणजे पोटात काही नको ना."

आईला खरंच कळेना. ती बाईंना समजावू लागली, लहान मुलाला सांगावं तसं. "दुधानं कुठं अनसं मोडतं? चतुर्थीला मी दिसभर दुधावर असते. सोमवारी असते. आमच्यात दूध खान्यात धरत न्हाईत, बाई."

आणि ते खरं होतं. मी तिथे उभा होतो, मला बाईंचं बोलणं कळत होतं आणि आईचंही. आमच्या घरात कोणालाही विचारलं असतं, "सकाळपासून काय खाल्लं?" तर दोन पेले दूध प्यालेला माणूसही म्हणाला असता, "काही नाही." मी स्वतः तसंच म्हणालो असतो.

बाई रागावल्या नाहीत. खुर्चीत मागे टेकल्या आणि श्वास सोडला. मग सांगितलं, दुधात जे हाडांना चांगलं असतं ते ह्या गोळीला पोटातच धरून ठेवतं. गोळी रक्तात उतरतच नाही, तशीच निघून जाते. म्हणून गोळी वाढवत गेलो तरी मुकादम ओरडतोच आहे. "दूध वाईट नाही, आजी. बाळाला ते हवंच. पण ह्या दोघांना एकत्र पोटात पाठवायचं नाही. सकाळी नुसतं पाणी. मग तासभर काही नको. दूध थेट दुपारनंतर."

आई खुर्चीवर बसली. आली तेव्हा बसली नव्हती, आता बसली. लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. म्हणाली, "म्हंजी इतकं दिस त्ये पोर गोळीवाचून..."



तेव्हा माझी बायको बोलली. तिला वाटलं असेल म्हातारीला कसं सावरू. किंवा पंधरा वर्षांचं साचलेलं आपोआप बाहेर पडलं असेल. ती म्हणाली, "आत्याबाई, मला दूध आवडतच न्हाई वो. वासानं मळमळतं."

सगळे तिच्याकडे बघत राहिले. बाई, आई, मी, आणि दारात उभी असलेली नर्ससुद्धा.

"आवडत न्हाई?" आई म्हणाली. "पंधरा वर्सं प्याली की."

"तुमी देत व्हता म्हनून."

"मंग सांगायचं व्हतं की गं, बये!"

"तुमी इचारलं व्हतं का?"

बाई खाली बघून हसू दाबत होत्या. मला हसू येईना. माझ्या डोक्यात एकच होतं, इतके महिने. ते पोर इतके महिने कमी व्होल्टेजवर. मी बाईंना विचारलं, "आता पुढं?" त्या म्हणाल्या, "गेलेले दिवस परत आणता येत नाहीत, दादा. पुढचे सांभाळू. थोडं थोडं का होईना, काही गोळी उतरलीच असणार. बहुतेक बाळं ठीक असतात." मी म्हणालो, "बहुतेक म्हंजी?" त्या म्हणाल्या, "हमी कोणीच देऊ शकत नाही." टोमॅटोच्या रोपाची नर्सरीवाला हमी देतो, जळालेली मोटर भरून देणारा वायंडर वर्षाची हमी देतो. माझ्या पोराची कोणी देईना.

घरी येताना जीपमधून उतरल्यावर आई म्हणाली, "मंग तुला सकाळी काय लागतं? कोरा चा?"

"व्हय."

"शी," आई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या तिनंच भरून ठेवला, आणि तासाभरानं कोरा चहाही तिनंच केला. इतका कडू की बायकोनं मला डोळ्यानं खुणावलं. तरी ती प्याली. दूध दुपारच्याला गेलं. नाक दाबून प्यायची. बाळासाठी म्हणून.

पुढच्या वेळी आकडा उतरला. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. बूथवाला म्हणाला, "भाऊ, आज भाव चांगला दिसतोय." मी त्याला चहा पाजला. तिच्या तोंडावरची सूज उतरली, चाल बदलली. सातव्या महिन्यात ती विहिरीवरून चालत यायची तेव्हा तिच्या पायांचा आवाज वेगळा यायचा, पटपट. मला तो आवाज आठवायचा. लग्न होऊन आली तेव्हा ती अशीच चालायची. तो आवाज कधी बंद झाला ते कळलंच नव्हतं.

पण माझी काळजी गेली नाही. आकडा तिचा होता, पोराचा नव्हता. पोराच्या आत काय चाललंय त्याचा कागद कुठून आणणार?

मुलगी झाली. व्यापारी म्हणाला होता तसं कालवडच आली, आई म्हणाली. लहानशी, लालबुंद, पण रडली जोरात. बाईंनी टाचेतून रक्ताचा थेंब घेतला, पुण्याला पाठवला, आणि कागद चांगला आला. तिची ग्रंथी नीट होती. बाई म्हणाल्या, "झालं, दादा. आता सोडा काळजी."

सोडायला ती काय दावं आहे?

पोरगी शांत होती. फार शांत. शेजारची पोरं रडून वस्ती डोक्यावर घेत, ही आढ्याकडे बघत पडायची. आई म्हणायची, "गुनी हाय." बायको शेताकडे गेली, आई गोठ्यात असली, की मी पितळेची ताटली घेऊन पाळण्याच्या मागे उभा राहायचो आणि चमच्यानं वाजवायचो. पोरगी दचकायची, डोळे फिरवायची. मला बरं वाटायचं. संध्याकाळपर्यंतच. दुसऱ्या दिवशी वाटायचं, काल चुकून फिरवले असतील. परत ताटली.

एक दिवस मी ताटली वाजवत असताना ती दारात उभी. माझा हात तसाच वर राहिला.

"काय करताय?"

"काय न्हाई. माशी व्हती."

ती आली, माझ्या हातातून ताटली घेतली, उलटी केली. कडेला एक पोचा होता. बोट ठेवून म्हणाली, "ह्यो कशाचाय माहित्ये? माझ्या उलथन्याचा. तुमी बाजाराला गेला की मी वाजवती."

आम्ही दोघं पाळण्याच्या दोन बाजूंना उभे. गोठ्यातून आई ओरडली, "आरं, निजू द्या की पोरीला! एक गेला की दुसरा वाजवतोय. येडी झालात दोघं बी." म्हणजे तिलाही माहीत होतं.

बसली वेळेवर. चालली थोडी उशिरा. बोलली मात्र नाही. बरोबरीची पोरं आई, बाबा, काऊ, माऊ करत फिरू लागली आणि ही बोट दाखवायची, हुंकार द्यायची, हसायची. हसायची ते मला बघवत नसे. आळे फाट्याचा तो मुलगाही चांगला हसायचा. बाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, ऐकू येतंय, समजतंय, काही पोरं उशिरा बोलतात. बहुतेक बोलेल. परत तेच बहुतेक. बायको रात्री तिला जवळ घेऊन एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायची, "आई म्हन. आई." पोरगी तिच्या ओठांना हात लावून बघायची. मी कूस बदलायचो.

त्या गाईचं दुसरं वेत होतं. पोरगी दोन वर्षांची व्हायला आली होती. आईनं धार काढली, गिलास भरला, आणि ओट्यावर बसलेल्या नातीपुढे आली. आईच्या डोक्यात नातीला आता धारेचं दूध सुरू करायचं होतं. तोवर वरचं दूध तापवून, पाणी घालून, साखर टाकून जायचं. "घे गं माझी बाय. पी. एका दमात." गिलास पोरीच्या तोंडाला लावला. पोरीनं वास घेतला. नाक आक्रसलं. दोन्ही हातांनी गिलास ढकलला आणि आजीच्या तोंडावर स्वच्छ म्हणाली,

"नको."

मी दाढी करत होतो. बायको चुलीपाशी होती. आईच्या लुगड्यावर निम्मं दूध सांडलेलं.

"काय म्हनलीस?" आई म्हणाली. आणि खात्री करायला गिलास परत पुढे केला.

"नको! नको, आजी. नको."

आजीसुद्धा म्हणाली. आई नाही, बाबा नाही, आधी नको आणि मग आजी. आईनं गिलास खाली ठेवला, आणि माझ्या बायकोकडे वळून म्हणाली, "डोंगरातली हाय. तुझ्यावर गेली. पर तुझ्यापरास शानी. तुला पंधरा वर्सं लागली, हिनं दोन बी न्हाई लावली."

बायको हसायला लागली. फुंकणी हातात घेऊन हसत होती. हसता हसता खाली बसली, पदर तोंडावर धरला, आणि तिचे खांदे हलायचे थांबेनात. मी अर्ध्या दाढीचा तिच्यापाशी गेलो. पोरगी आमच्याकडे बघून म्हणत होती, नको, नको, नको. नवीन खेळणं मिळाल्यासारखं.

मग ती उठली, डोळे पुसले, आणि चहा ठेवला. तिची गोळी होऊन तास उलटला होता. दोन कप ओतले. दूध तिथेच होतं, गिलासात निम्मं उरलेलं. तिनं घातलं नाही. माझ्यापुढे कोरा कप ठेवला आणि बघत राहिली, मी काय म्हणतो ते.

मी नको म्हणालो नाही.

पोरगी आता पुण्याला असते. बोलायला लागली की थांबत नाही. रोज फोनवर विचारते, चहा झाला का. आजी गेली, गोठा मोडला, आणि तिची आई गेल्यापासून मी दूधवालाही बंद केला, हे तिला माहीत आहे. तरी विचारते. मी सांगतो, झाला. कोराच. तिच्या आईसारखा जमत नाही, पण पितो.